घरालाही जागल हवी



आज मी तुमच्याशी आगीविषयी बोलणार आहे. आग तुम्हांला नवी नाही. चूल तुमच्या घरात आहे. देव्हाऱ्यात निरांजन आहे. उजनीचे पाणी आले, ऊस वाढला, आणि उसाबरोबर पाचटही आले. पेटलेली कडब्याची गंज तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिली असेल. तेव्हा आग वाईट असते, हे सांगायला मी इथे उभा नाही.

मला आगीची एकच गोष्ट सांगायची आहे. ती आपल्या ध्यानात येत नाही. रात्री घराला आग लागते, तेव्हा माणूस पुष्कळदा जाळाने मरत नाही. तो धुराने मरतो. जाळ त्याच्यापर्यंत पोहोचायच्या आधीच धूर पोहोचलेला असतो. आणि हा धूर झोपलेल्या माणसाला उठवीत नाही.

आता मला सांगा, ज्वारी हुरड्यात आली की आपण काय करतो? रात्री जागलीला जातो. डुकरे येऊ नयेत, चोर येऊ नये, म्हणून घोंगडी पांघरून रानात बसतो. म्हणजे पिकाला आपण जागल करतो. पण ज्या घरात आपली लेकरे निजतात, त्या घराला रात्री जागल कोण करतो? कुत्रे असते, पण ते दाराबाहेर. घरात तर सगळेच निजलेले.

घरात जागल करणारी एक लहानशी वस्तू आज मिळते. ती काय आहे, कशी लावायची, आणि ती गावातल्या प्रत्येक घरात पोहोचावी म्हणून आपल्या ग्रामसभेने काय करावे, एवढेच आज बोलू.

धूर गुपचूप येतो

तुम्ही म्हणाल, "घरात धूर झाला तर वास येणार नाही का? वासाने जाग येईल की!"

नाही येत. जागेपणी आपले नाक चांगले काम करते. गाढ झोपेत नाकही झोपते. कान मात्र झोपेतही थोडा जागा असतो. म्हणून बाळ रडले की आई उठते, पण दूध करपले तर उठत नाही.

दुसरी गोष्ट. धुरात एक विषारी वायू असतो. त्याला कार्बन मोनॉक्साइड म्हणतात. त्याला रंग नाही, वास नाही. तो श्वासाबरोबर रक्तात जातो आणि माणसाला गुंगी येते. आधीच झोपलेला माणूस आणखी गाढ झोपी जातो. जाग आली तरी हातापायांत बळ राहत नाही. दार चार पावलांवर असते, पण तेवढेही चालवत नाही.

भंडाऱ्याची गोष्ट पुष्कळांना आठवत असेल. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या खोलीला आग लागली. १० तान्ही बाळे गेली. त्यांतली ३ भाजून आणि ७ धुराने गुदमरून गेली, असे त्या वेळच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितले होते. म्हणजे जाळापेक्षा धुराने दुपटीहून जास्त जीव घेतले.

भंडारा लांब आहे. सोलापूर तर आपलेच. तिथे १८ मे २०२५ रोजी, रविवारी, पहाटे पावणेचारच्या सुमारास अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्याला आग लागली. कारखान्यातच राहणारी माणसे आत झोपलेली होती. मालकाच्या घरची आणि कामगारांच्या घरची मिळून ८ माणसे दगावली. त्यांत दीड वर्षाचे एक लेकरूही होते.

वेळ पाहा. एक मध्यरात्रीनंतरची, दुसरी पहाटेची. राहणी पाहा. जिथे काम, तिथेच घर. आपल्याकडेही पुढे दुकान आणि मागे घर, किंवा खाली दुकान आणि वर घर असते. दुकानाचे शटर आतून ओढून माणसे निजतात. तेव्हा ही गोष्ट फक्त शहराची नाही.

आणि बंबाचे काय? बंब तालुक्याच्या गावाहून यायचा. निरोप मिळायचा, गाडी निघायची, वाटेत उसाच्या ट्रॉल्या, मग मळ्यातला कच्चा रस्ता. बंबवाले जिवाचे रान करतात. पण गाद्या, प्लास्टिक, कपडे यांनी भरलेल्या आजच्या खोलीत निसटायला दोन-चार मिनिटेच मिळतात. तेवढ्यात कुठलाही बंब येऊ शकत नाही. पहिली दोन-चार मिनिटे आपली आपल्यालाच सांभाळायची असतात. त्यासाठी आधी जाग आली पाहिजे.

धुराची घंटा

जाग आणणाऱ्या या वस्तूला दुकानात 'स्मोक अलार्म' म्हणतात. आपण तिला 'धुराची घंटा' म्हणू. पोळीच्या लहान डब्याएवढी ती गोल डबी असते. छताजवळ बसवायची. आत सेल असतो. धूर आत शिरला की ती किंचाळते. आवाज एवढा कर्कश असतो की मोठे माणूस खडबडून उठते.

तिला धूर कळतो कसा? त्यात जादू नाही. जुन्या माळवदाच्या घराला झरोका असे. झरोक्यातून कवडसा पडतो. चुलीचा धूर त्या कवडशात आला की धुराचे कण चमकताना दिसतात. धूर नसेल तर कवडसा हवेत दिसतही नाही. घंटेत हेच केलेले आहे. आत एक बारीक दिवा आहे आणि उजेड ओळखणारा एक डोळा आहे. दिव्याचा उजेड एरवी त्या डोळ्यावर पडत नाही. धूर आत गेला की कणांवर आपटून उजेड विखुरतो. तो डोळ्यावर पडतो. डोळ्याला उजेड दिसला की घंटा वाजते. एवढेच.

किंमत म्हणाल, तर साधी घंटा काही शे रुपयांपासून मिळते. चांगली, बरीच वर्षे टिकणाऱ्या सेलची घेतली तर दीड-दोन हजारांपर्यंत जाते. घेताना दुकानदाराला तिथेच बटण दाबून वाजवून दाखवायला सांगा. बिल मागून घ्या. कोणत्या साली बनवली, ते डबीवर पाहा. कारण दहा वर्षांनी घंटा बदलावी लागते. सेल नवा घातला तरी आतला डोळा म्हातारा होतो.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. ही घंटा धुराची आहे, गॅसची नाही. सिलिंडर गळत असेल तर ती वाजणार नाही. गळका गॅस ओळखण्यासाठी त्यात मुद्दाम घाण वास मिसळलेला असतो. तो वास आला की दिव्याचे बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. काडी ओढू नका. दारे-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर पडा आणि १९०६ या क्रमांकावर कळवा.

कुठे लावायची

जिथे माणसे निजतात, तिथे पहिली घंटा. एकच घेण्याची ऐपत असेल तर ती निजायच्या खोलीत लावा. धूर वर चढतो, म्हणून ती छताला किंवा भिंतीवर छताच्या खाली वीतभर अंतरावर बसवा. कोपऱ्यात अगदी दडवू नका.

पत्र्याचे छत असेल तर घंटा पत्र्याला चिकटवू नका. आपल्याकडचे ऊन तुम्हांला ठाऊक आहे. तापलेल्या पत्र्याने घंटा बिघडेल. लाकडी पट्टी ठोकून ती पत्र्याच्या वीतभर खाली लावा.

चुलीजवळ लावू नका. निदान दहा फूट दूर ठेवा.

इथे एखादी आजी म्हणेल, "बाबा, माझं घर एका खोलीचं. तिथंच चूल, तिथंच अंथरूण. तुझी घंटा दिवसभर बोंबलत बसंल."

आजींचे म्हणणे खरे आहे. अशा घरात धुराची घंटा टिकणार नाही. रोज भाकरी भाजताना वाजली की कोणीही ती काढून फेकील. त्यासाठी दुसऱ्या प्रकारची घंटा मिळते. ती धुराने वाजत नाही, उष्णतेने वाजते. ती थोडी उशिरा उठवते, पण काहीच नसण्यापेक्षा बरी. त्याहून बरे म्हणजे चूल पडवीत किंवा बाहेर नेणे. त्याने आजींची छातीही मोकळी राहील.

कोणी विचारील, "आमच्या आबांना ऐकू येत नाही. त्यांचं काय?" बहिऱ्या माणसासाठी घंटेबरोबर लखलखणारा दिवा असलेली डबी मिळते. उशीखाली ठेवून हादरे देणारीही मिळते. ती महाग असते. पण ती न परवडल्यास, आबांना उठवायचे काम घरातल्या एका माणसाकडे नेमून द्या.

लहान मुलांचेही तसेच आहे. मुलांची झोप फार गाढ. घंटेनेही ती कधीकधी उठत नाहीत. म्हणून कोणी कोणाला उचलायचे, हे आधी ठरलेले असू द्या.

कायदा कुठवर येतो

आता कायद्याकडे येऊ. आपल्या राज्यात महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा आहे. तो ६ डिसेंबर २००८ पासून लागू झाला. मोठ्या इमारती, रुग्णालये, नाटकगृहे, गोदामे, कारखाने यांत आगीपासून बचावाची साधने असली पाहिजेत आणि ती चालू स्थितीत ठेवली पाहिजेत, असे तो सांगतो. जबाबदारी मालकाची किंवा तिथे राहणाऱ्याची. दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत, साधने चालू असल्याचा दाखला परवानाधारक माणसाकडून घेऊन द्यावा लागतो.

कायदा चांगला आहे. पण तुमच्या-माझ्या साध्या घरात धुराची घंटा लावलीच पाहिजे, अशी सक्ती त्यात नाही. माळवदाचे घर, पत्र्याचे घर, मळ्यातली वस्ती, ऊसतोड कामगारांची कोपी, इथवर तो येत नाही. म्हणजे जिथे माणसे सर्वांत जास्त संख्येने निजतात, तिथे जागल करायला कोणी नाही.

मग आपण हात जोडून बसायचे का? नाही. दुसरा एक कायदा आपल्या दारात आहे. तो महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८. त्याला एक ग्रामसूची जोडलेली आहे. पंचायतीने कोणकोणती कामे करावीत, ते तिच्यात लिहिले आहे. दिवाबत्ती, पाणी, गटारे ही कामे सर्वांना ठाऊक आहेत. पण आग विझवायला मदत करणे आणि आग लागली असता जीवित व मालमत्ता यांचे रक्षण करणे, हेही त्या सूचीत आहे. म्हणजे हा विषय ग्रामसभेत काढला, तर "हे आपलं काम नाही," असे कोणाला म्हणता येणार नाही.

जपानने कसे केले

परदेशातला एक दाखला देतो. जपानमध्ये घरे पूर्वीपासून लाकडाची. आगीची भीती फार. थंडीच्या दिवसांत रात्री गल्लीगल्लीतून माणसे लाकडाचे दोन दांडके एकमेकांवर आपटीत फिरत आणि "विस्तव जपा" अशी हाळी देत. काही ठिकाणी ती चाल आजही आहे.

पण हाळी ऐकून निजलेल्या माणसाच्या घरात मध्यरात्री धूर झाला, तर? घरांच्या आगींत मरणारी पुष्कळ माणसे वेळेवर बाहेर न पडल्यामुळे मरतात, हे तिथल्या सरकारने पाहिले. २००४ साली त्यांनी कायद्यात बदल केला. जून २००६ पासून प्रत्येक नव्या घरात घंटा असलीच पाहिजे, असे ठरले. जुन्या घरांचे काय? त्यांची मुदत गावोगावच्या स्थानिक संस्थांनी आपापल्या नियमाने ठरवायची होती. २०११ च्या जूनपर्यंत देशभर सगळ्या घरांना नियम लागू झाला.

आता यातली गंमत ऐका. घंटा लावली नाही म्हणून दंड नाही. शिक्षा नाही. तरीही आज तिथल्या दर पाच घरांपैकी चारांहून जास्त घरांत घंटा आहे. हे कसे झाले? तिथे गावोगाव आग विझवणारी स्वयंसेवकांची पथके आहेत. दिवसा आपापला धंदा करणारी ही माणसे देशभरात सात लाखांच्या वर आहेत. ती घरोघर गेली. बायकांची मंडळे गेली. पुष्कळ ठिकाणी गल्लीने मिळून एकदम घंटा विकत घेतल्या. एकदम घेतल्याने स्वस्त पडल्या, आणि फसवणारा विक्रेताही दारात उभा राहिला नाही.

अमेरिकेचाही एक धडा घेण्यासारखा आहे. तिथे घंटा फार वर्षांपासून आहेत. तरीही घरातल्या आगीत मरणाऱ्या दर ५ माणसांपैकी सुमारे ३ माणसे अशा घरांतली असतात, जिथे घंटा नव्हती किंवा बंद पडलेली होती. सेल संपला, बदलला नाही. स्वयंपाकाच्या धुराने वाजली, म्हणून सेल काढून ठेवला. मग २०१४ पासून तिथल्या रेड क्रॉसचे स्वयंसेवक घरोघर जाऊन फुकट घंटा बसवू लागले आणि घरच्या माणसांना ती वापरायला शिकवू लागले.

यावरून काय कळते? नुसता नियम केला तर घंटा भिंतीवर चढते, पण तिच्यातला सेल कोणी बदलत नाही. नुसते सांगत फिरले तर ज्यांच्याकडे चार पैसे आहेत तेच ऐकतात, गरीब मागे राहतो. नियम आणि घरोघर फिरणे, ही दोन्ही बैलगाडीची चाके आहेत. एका चाकावर गाडी चालत नाही.

ग्रामसभेत काय ठराव करावा

ग्रामसभा वर्षातून निदान चार वेळा भरवावीच लागते. तिच्या आधी महिलांची सभा असते. भगिनींनो, हा विषय आधी तुमच्या सभेत काढा. चूल तुमच्या हाती आहे आणि लेकरे तुमच्या कुशीत निजतात.

ठराव सोप्या शब्दांत असावा. मी एक नमुना वाचून दाखवतो. तुम्हांला पटेल तसा बदला.

१. गावातली शाळा, अंगणवाडी, ग्रामपंचायत कार्यालय आणि समाजमंदिर यांत सहा महिन्यांच्या आत धुराची घंटा बसवावी.

२. गावातले प्रत्येक नवे घर बांधताना निजायच्या खोलीत घंटेची जागा ठेवावी आणि राहायला जाण्याआधी घंटा लावावी.

३. ज्या घरात म्हातारी माणसे एकटी राहतात, ज्या घरात अपंग माणूस आहे, ज्या घरात तान्हे मूल आहे, त्यांची यादी करावी. घंटा पहिल्यांदा त्या घरांत लागावी.

४. दुकान आणि घर एकत्र असेल तिथे, शटर आतून उघडता येते की नाही आणि बाहेर पडायला दुसरी वाट आहे की नाही, ते पाहावे.

५. प्रत्येक गल्लीला आणि प्रत्येक वस्तीला दोन माणसे नेमावीत. एक पुरुष, एक बाई. त्यांनी वर्षातून दोनदा घरोघर जाऊन घंटा वाजवून पाहावी आणि वहीत लिहून ठेवावे.

या ठरावात दंड नाही, हे तुमच्या ध्यानात आले असेल. तो मुद्दाम ठेवलेला नाही. दंडाच्या भीतीने लावलेली घंटा माणूस पाहणी झाल्यावर काढून ठेवतो. शेजारी वर्षातून दोनदा दारात येऊन "काकू, घंटा वाजवून दाखवा बरं," असे म्हणतो, तेव्हा ती चालू ठेवावीशी वाटते.

पैशांचे काय, हा प्रश्न येणारच. शाळा आणि अंगणवाडीचा खर्च पंचायतीने आपल्या वार्षिक आराखड्यात धरावा. पंचायतीला आपल्या उत्पन्नातला ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी आणि १० टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचा असतो. त्यातून गरजूंच्या घरी घंटा देता येईल का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना सभेतच विचारा. ज्यांना आपण इतके दिवस ग्रामसेवक म्हणत आलो, तेच हे. उत्तर लेखी मागा. आता तुम्हांला वाचता येते. लिहून दिलेले उत्तर वाचून पाहता येते. हाच तर अक्षराचा उपयोग.

बाकीच्यांनी बचत गटातून करावे. गटात २० बायका असतील तर २० घंटा एकदम घ्याव्यात. महिन्याला ५०-५० रुपये फेडले तरी वर्ष-दीड वर्षात घंटा आपली होते. तेवढे पैसे आपण एका जत्रेत पाळण्यावर आणि भजीवर उडवतो.

घरोघर जाताना

जी दोन माणसे घरोघर जातील, त्यांनी भाषण करू नये. बसावे, पाणी प्यावे, आणि घर पाहावे. तारा उघड्या आहेत का? एकाच बटणावर फ्रीज, मोटार आणि टीव्ही लावला आहे का? मोबाइल उशीखाली ठेवून रात्रभर चार्ज होतो का? डासांची कॉइल गादीला चिकटून ठेवली आहे का? दाराची किल्ली अंधारात सापडेल का? मग शेवटी घंटेचे बोलावे.

ऊसतोडीच्या दिवसांत कोप्यांवरही जावे. बीडकडून आणि आणखी लांबून आलेली ती माणसे चार-पाच महिने आपल्याच शिवारात राहतात. कोपी पाचटाची, आत चूल, बाहेर वारा. तिथे छताची घंटा कामाची नाही. तिथे चूल कोपीबाहेर आणि वाऱ्याच्या उलट बाजूला हवी. दोन कोप्यांत मोकळी जागा हवी. पाण्याने भरलेले पिंप आणि ओले पोते हाताशी हवे. आणि कामावर जाताना लहान लेकरांना कोपीत कोंडून जाऊ नये. त्यांच्यासाठी गावातली अंगणवाडी उघडी असली पाहिजे. ती माणसे आपल्या मतदार यादीत नसतील, पण आपल्या हद्दीत निजतात. आपल्या हद्दीत निजणाऱ्याचा जीव आपल्या जिम्मेत आहे.

घंटा वाजवून पाहायचा दिवस कसा लक्षात राहील? आपला तालुका पंढरीचा. एकादशी इथे कोणी विसरत नाही. दर महिन्याच्या एका एकादशीला बटण दाबून पाहायचे. कोणी महिन्याची १ तारीख धरील, तेही चालेल. आणि सेल बदलायचा खंडेनवमीला. त्या दिवशी आपण नांगर, कोयता, मोटार, ट्रॅक्टर यांची पूजा करतो. आपले रक्षण करणाऱ्या घंटेलाही त्या दिवशी पुसून घ्या, हळदकुंकू लावायचे तर डबीच्या भोकांत जाऊ देऊ नका, आणि नवा सेल घाला. घंटा मधूनच थांबून थांबून बारीक टिवटिव करू लागली, तर ती बिघडली असे समजून काढू नका. ती "सेल संपला," असे सांगत असते.

घंटा वाजली तर

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. घंटा माणसाला उठवते. पण ती आग विझवीत नाही. उठल्यावर काय करायचे, ते आधी ठरलेले पाहिजे. आज रात्री जेवणे झाली की घरात सगळ्यांनी मिळून एकदा करून पाहा.

उठा. ओरडून सगळ्यांना उठवा. ठरल्याप्रमाणे लेकरांना आणि म्हाताऱ्यांना घ्या. धूर असेल तर उभे राहू नका. धूर वर असतो, खाली थोडी बरी हवा असते. ओणवे होऊन, नाकाला कापड लावून बाहेर पडा. दार हाताच्या पाठीने चाचपा. तापलेले असेल तर ते उघडू नका, दुसऱ्या वाटेने जा. घराबाहेर एक जागा ठरवा. लिंबाचे झाड म्हणा, हापसा म्हणा. सगळ्यांनी तिथे जमायचे आणि माणसे मोजायची.

मग फोन करा. ११२ हा क्रमांक सगळ्या संकटांसाठी आहे. आगीसाठी १०१ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. गावाचे नाव, वस्तीचे नाव आणि जवळची खूण सांगा. पुष्कळ गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा असते. एकाने फोन केला की गावातल्या सगळ्यांचे फोन वाजतात. आपली वस्ती तिला जोडलेली आहे का, हे करकंबच्या पोलीस ठाण्यात विचारून घ्या.

एकदा बाहेर पडलात की परत आत जाऊ नका. दागिना राहू द्या, सातबारा राहू द्या. सातबाऱ्याची दुसरी नक्कल मिळते.

वीज चालू असताना पाणी ओतू नका. आधी मेन बटण बंद करा, तेही हाताशी आणि धोक्याबाहेर असेल तरच. कपडे पेटले तर पळू नका. जमिनीवर लोळा. दुसऱ्याने वरून घोंगडी टाकावी. भाजल्या जागेवर वीस मिनिटे साधे थंड पाणी सोडावे. शाई, टूथपेस्ट, तेल काही लावू नये.

मंडळी, मी बोललो ते फार अवघड नाही. एक डबी, एक सेल, एक ठराव आणि वर्षातून दोनदा शेजाऱ्याच्या दारात जाण्याची तसदी. पण ठराव आपोआप होत नाही. विषय कोणीतरी लेखी द्यावा लागतो. तेव्हा आज इथून उठण्याआधी एक काम करा. कागद घ्या. त्यावर आपल्या हाताने लिहा: 'पुढच्या ग्रामसभेत घरातील आगीपासून बचाव आणि धुराची घंटा हा विषय घ्यावा.' खाली प्रत्येकाने आपले नाव लिहा. अंगठा नको, सही करा. आणि तो कागद उद्या सकाळी पंचायतीत देऊन, पोहोच घेऊन या.